लौकिकाचा सातबारा कोणाच्या नावावर?

जून महिना लागला, महाविद्यालयांच्या कचेऱ्यांपुढे प्रवेशाच्या रांगा दिसू लागल्या, की मावळात एक ठरावीक वार्ता फिरू लागते. अमुक महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक यंदा पुण्याला चालले. तमुक संस्थेने त्यांना दुप्पट पगार देऊ केला. बोलणी झाली, आता केवळ राजीनामा द्यायचा राहिला. वार्तेचा उगम कोणालाच ठाऊक नसतो. तळेगाव स्थानकावर निघालेली गोष्ट लोणावळ्याला उतरेपर्यंत लोकलच्या डब्यातच पक्की होते आणि सायंकाळी मैदानाच्या कडेला जमणाऱ्या माजी विद्यार्थ्यांत तिच्यावरून हमरीतुमरी जुंपते. पुढे ती कधी खरी ठरते, कधी हवेत विरते. परंतु त्या चार-आठ दिवसांत आपल्या महाविद्यालयाच्या संघाची बाजू मांडताना पाठीराखे जे बोलतात, ते विचार करण्याजोगे असते.

ते दोन गोष्टी बोलतात, आणि त्या एकमेकींना छेद देणाऱ्या असतात. सर कदापि जाणार नाहीत, हा संघ त्यांनी पोटच्या पोराप्रमाणे वाढवला आहे, ही पहिली. गेले तर जाऊ द्या, आमच्या महाविद्यालयाचे नाव काय त्यांच्या एकट्यामुळे झाले, ही दुसरी. एकच माणूस एकाच संध्याकाळी ही दोन्ही विधाने तितक्याच तावातावाने करताना आढळतो. शेजारच्या महाविद्यालयाचा कोणी ‘तुमचा संघ म्हणजे एकखांबी तंबू’ असे खिजवू लागला, की मग जिमखान्याच्या भिंतीवरील तसबिरी, विभागीय स्पर्धेतील करंडक आणि विद्यापीठाच्या संघात निवडलेल्या खेळाडूंची नावे यांची उजळणी होते. संघ बास्केटबॉलचा असो, कबड्डीचा असो वा व्हॉलीबॉलचा, वादाचे स्वरूप बदलत नाही.

हा केवळ रिकामटेकड्यांचा अभिमान आहे असे समजून हसण्यावारी नेणे योग्य होणार नाही. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण २००५ पासून आहे आणि त्यासाठी ठरावीक स्तरावरील स्पर्धेत प्रावीण्य मिळवावे लागते. त्या स्तरापर्यंत पोहोचण्याची शिडी ग्रामीण मुलासाठी बहुधा महाविद्यालयाच्या मैदानातूनच जाते. पवन मावळातील वा नाणे मावळातील एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा पहाटेचा सराव करून वर्गात बसतो, तेव्हा त्याच्या मनात करंडकाइतकाच पोलीस भरतीचाही विचार असतो. मार्गदर्शक गेल्याने त्याची दोन वर्षे वाया जाऊ शकतात. तेव्हा त्याचा संताप समजण्यासारखा आहे. प्रश्न इतकाच, की तो संताप योग्य दारात जातो काय?

अर्थशास्त्रात व्यवसायाच्या नावलौकिकालाही मालमत्ता मानतात आणि धंदा विकताना तिची किंमत ठरवतात. ती किंमत ठरवताना एक भेद मात्र करावा लागतो. नामांकित वैद्याने दवाखाना दुसऱ्याला विकून गाव सोडले, तर रोगी बहुतांशी त्या वैद्यामागे जातात. मागे उरतात ती चार बाके आणि पाटी. उलट चांगल्या चाललेल्या गिरणीचा व्यवस्थापक बदलला, तर कापड घेणाऱ्याला त्याची खबरही नसते. पहिल्या ठिकाणी पत माणसाची असते, दुसऱ्या ठिकाणी संस्थेची. आपल्या संघाची पत यांपैकी कोणत्या जातीची आहे, हे न पाहताच पाठीराखे तिच्या रक्षणासाठी बाह्या सरसावतात.

महाराष्ट्राच्या डोळ्यांदेखत घडलेले एक उदाहरण येथे बोलके आहे. ते महाविद्यालयाचे नाही, क्रिकेटचे आहे. पण प्रश्न तोच. मुंबईच्या संघाने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे रणजी करंडक आपल्याकडे ठेवला आणि २०१५-१६ मध्ये एक्केचाळिसाव्यांदा तो जिंकला, तेव्हा प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. पुढच्याच हंगामात, जानेवारी २०१७ मध्ये, मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली. त्यानंतर पंडित मुंबईतून बाहेर पडले आणि विदर्भाने त्यांना बोलावून घेतले. ज्या विदर्भाने तोवर एकदाही करंडक पाहिला नव्हता, त्याने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीचा पराभव करून तो जिंकला आणि पुढच्या वर्षी राखलाही. नंतर पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. २०२२ मध्ये त्या संघाने बंगळूरच्या अंतिम सामन्यात हरवले ते नेमके मुंबईलाच.

या घटनाक्रमावरून पत सर्वस्वी पंडितांची होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. दादरच्या इराण्याच्या हॉटेलात बसणाऱ्या जुन्या पाठीराख्यांना तो काढवत नव्हता, आणि ते सर्वस्वी चुकीचे नव्हते. मुंबईने मार्च २०२४ मध्ये वानखेडे मैदानावर करंडक परत आणला, तो विदर्भाला हरवून, आणि प्रशिक्षक वेगळेच होते. तथापि या कथेचा अधिक महत्त्वाचा भाग विदर्भाचा आहे, मुंबईचा नव्हे. पंडित गेल्यानंतर विदर्भ पुन्हा पूर्वीच्या अंधारात जाईल अशी अनेकांची अटकळ होती. प्रत्यक्षात २०२३-२४ मध्ये तो अंतिम सामन्यात पोहोचला आणि २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरीत मुंबईला बाजूला सारून त्याने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. बाहेरून आणलेल्या माणसाने जे शिकवले ते नागपुरात मुरले होते. सरावाच्या सोयी आणि खालच्या वयोगटातून वर येणारी मुले तेथे होती, म्हणून ते मुरू शकले. ओसाड माळावर कितीही उत्तम बी टाकले तरी ते पाखरेच खातात.

बास्केटबॉलचा जन्म ज्या अमेरिकेत झाला, तेथे तर महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या जाण्यायेण्याचा बाजारच भरतो. अनेक राज्यांत सरकारी नोकरांमध्ये सर्वाधिक पगार राज्यपालाला वा कुलगुरूला मिळत नाही, तो राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला मिळतो. हे कौतुकाने सांगण्यासारखे आहे असे नाही. पण त्या बाजारातही कॅन्सास विद्यापीठाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. १८९१ मध्ये पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून हा खेळ ज्यांनी निर्माण केला, ते जेम्स नेस्मिथ या विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक. गंमत अशी, की तेथील आजवरच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले ते एकटेच आहेत: विजय ५५, पराभव ६०. तरीही तेथील क्रीडांगणाला नाव त्यांचेच आहे आणि ते ज्या भव्य सभागृहात आहे त्याला नाव त्यांचे शिष्य फॉग अ‍ॅलन यांचे.

याच कॅन्सासने १९८८ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि काही आठवड्यांतच प्रशिक्षक लॅरी ब्राऊन व्यावसायिक संघाकडे निघून गेले. मागे राहिली ती चौकशी. खेळाडू ओढून आणताना झालेल्या नियमभंगाबद्दल त्या विजेत्या संघाला पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत उतरूच दिले गेले नाही. गेलेल्याच्या चुकीची शिक्षा राहिलेल्यांनी भोगली. त्यानंतर आलेल्या रॉय विल्यम्स यांनी पंधरा वर्षे संघ सांभाळला. त्यांच्या जाण्याच्या अफवा वारंवार उठत. २००० मध्ये त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाचे निमंत्रण नाकारले तेव्हा पाठीराख्यांनी जल्लोष केला; २००३ मध्ये तेच निमंत्रण त्यांनी स्वीकारले तेव्हा त्याच पाठीराख्यांनी त्यांना कृतघ्न ठरवले. ते मूळचे नॉर्थ कॅरोलायनाचे, तेथेच शिकलेले. आपल्या घरी परतणाऱ्या माणसाला फितूर म्हणण्यापर्यंत संघप्रेमाची मजल गेली. २००८ च्या उपांत्य फेरीत कॅन्सासने, नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, विल्यम्स यांच्याच संघाला हरवले. अंतिम सामन्याला ते अंगरख्यावर कॅन्सासचे चिन्ह चिकटवून प्रेक्षकांत बसले होते. त्याबद्दल मात्र नॉर्थ कॅरोलायनाचे पाठीराखे त्यांच्यावर रुष्ट झाले! कॅन्सासने तो सामना जिंकला आणि पुढे २०२२ मध्ये आणखी एक अजिंक्यपद मिळवले, तेही नॉर्थ कॅरोलायनालाच हरवून.

कोणी म्हणेल, कॅन्सासकडे पैसा आहे, मुंबईकडे शतकाची परंपरा आहे. मावळातल्या महाविद्यालयाने त्यांचे उदाहरण काय घ्यावे? आक्षेप रास्त आहे. म्हणून लोणावळ्यातच पाहू. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी येथे कैवल्यधाम स्थापन केले. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तालीम घेतलेला हा माणूस. त्या काळी कोणत्याही आखाड्याची विद्या वस्तादाच्या मुखात असे आणि त्याच्याबरोबर जाई. कुवलयानंदांनी पहिल्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले, आसनांचा आणि क्रियांचा शरीरावरील परिणाम उपकरणांनी मोजून तो छापून ठेवला, आणि पुढे गोवर्धनदास सेकसरिया यांच्या नावाचे महाविद्यालय उभे करून शिकवणारी माणसे तयार केली. मुंबई सरकारने नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे ते अध्यक्ष होते. म्हणजे एका संस्थेपुरते नव्हे, सर्व शाळांपुरते पाहण्याची त्यांना सवय होती. १९६६ मध्ये ते गेले. २०२४ मध्ये संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली. संस्थापकाविना तिने काढलेली वर्षे त्यांच्यासह काढलेल्या वर्षांहून कितीतरी अधिक आहेत.

आता त्याच रस्त्यावरील सामान्य महाविद्यालयाच्या जिमखान्यात डोकावावे. राज्यातील अनुदानित महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि काम तासिका तत्त्वावरच्या माणसाकडून भागवले जाते, हे काही गुपित नाही. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. पहाटेचा सराव, बाहेरगावच्या सामन्यांना मुलांना घेऊन जाणे, जखमी खेळाडूला दवाखान्यात नेणे यांची गणना तासात होत नाही. शिवाय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम सुरू होतो तो ऐन पावसाळ्याच्या मागोमाग. लोणावळ्याचा पाऊस जगजाहीर आहे. चार महिने उघड्या मैदानावर चिखल, आच्छादित क्रीडागृह असलेली महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुण्यातील संघ ज्या काळात छपराखाली सराव करतो, त्या काळात मावळातील संघ आकाशाकडे पाहत बसतो. असे असूनही हा संघ स्पर्धेत पुढे जातो, तेव्हा त्या यशातील मोठा हिस्सा एका माणसाने स्वतःच्या वेळेतून आणि पुष्कळदा स्वतःच्या खिशातून घातलेला असतो. द्रुतगती मार्ग झाल्यापासून पुण्याच्या बाजूला निवासी शाळा आणि खाजगी क्रीडाप्रशाला वाढल्या आहेत. तेथून बारमाही पगाराचे बोलावणे आले आणि त्याने ते स्वीकारले, तर त्याला निष्ठाहीन म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाला पोचतो? ज्या व्यवस्थापनाने त्याला दरवर्षी उन्हाळ्यात बिनपगारी ठेवले, त्याला तर नक्कीच नाही.

पाठीराख्यांची गोष्ट वेगळी. त्यांची निष्ठा निरपेक्ष आहे, पण ती नको तिथे खर्च होते. सरांच्या घरी जाऊन त्यांना जाऊ नका म्हणून गळ घालणारे दहा जण निघतात. प्राचार्यांच्या कचेरीत जाऊन, विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या जिमखाना शुल्काचा विनियोग कसा झाला हे विचारणारा एकही निघत नाही. स्नेहसंमेलनाच्या वेळी माजी विद्यार्थी वर्गणी काढून संघाला नवे गणवेश देतात, त्यावर देणाऱ्यांची नावेही छापली जातात. त्याच पैशातून प्रशिक्षकाचे उन्हाळ्याच्या दोन महिन्यांचे मानधन भागले असते असे कोणाच्या मनात येत नाही. मानधनावर नाव छापता येत नाही, हे त्याचे कारण असावे. सरांच्या हाताखाली एखादा माजी खेळाडू साहाय्यक म्हणून तयार करावा, ही मागणी तर कोणत्याच महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात होताना ऐकू येत नाही. आणि व्यवस्थापनाला ती सुचण्याचे काही कारण नाही, कारण एकाच्या कष्टात त्यांचे भागत आले आहे.

आणखी एक लहानशी बाब. कोणता मुलगा कोणत्या वर्षी कोठे खेळला, त्याचे गुडघ्याचे दुखणे केव्हा सुरू झाले, कोणत्या संघाविरुद्ध कोणता डाव लागू पडला, याची टिपणे बहुतेक क्रीडाशिक्षक ठेवतात, पण ती स्वतःच्या वहीत. जिमखान्याच्या कपाटात चेंडू, जाळी आणि हवा भरण्याचा पंप यांची नोंदवही असते; खेळाडूंची नसते. सर गेले की ती वही त्यांच्या पिशवीतून जाते, आणि ते बरोबरच आहे, कारण ती त्यांनी विकत घेतलेली आहे. यंदाच्या जूनमध्ये अफवा उठल्यावर मैदानाच्या कडेला भांडत बसण्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांनी सरांकडे जाऊन ती वही उतरवून घेण्याची परवानगी मागावी. सर जाणार असोत वा नसोत, ते नाही म्हणतील असे वाटत नाही.