गुणकारी ज्ञान कोणाच्या मालकीचे?

पुराव्याधिष्ठित वैद्यकाचे गोडवे गाणाऱ्यांना आर्ची कॉक्रन सोयीपुरताच आठवतो. उपचारांना काटेकोर चाचण्यांची कसोटी लावा, हा त्याचा १९७२ च्या पुस्तकातील आग्रह पाठ्यक्रमांत शिरला. पण विद्यार्थिदशेत, १९३० च्या दशकात, याच माणसाने मोर्चात फलक धरला होता: गुणकारी ठरलेला उपचार सर्वांना मोफत मिळालाच पाहिजे. ते मात्र विस्मरणात गेले!

आज हेच शास्त्र ऑनलाइन शिकता येते. त्याला आमचा विरोध नाही. भामरागडच्या डॉक्टरला पुण्याची वारी न करता शिकता आले तर उत्तमच. परंतु व्याख्यान ऐकल्यावर मूळ शोधनिबंध उघडावा, तर दाराशी प्रकाशकाचा जकातनाका. सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर करून जानेवारी २०२५ पासून नियतकालिकांची देशव्यापी वर्गणी भरली. ती कोणासाठी? सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्रीय संशोधनसंस्थांसाठी. प्राथमिक आरोग्य केंद्र त्या यादीत नाही. पैसा जनतेचा, नफा प्रकाशकांचा, आणि प्रत्यक्ष रुग्ण तपासणारा बाहेर!

वैद्यकीय माहितीशास्त्राची कथा निराळी नाही. आशाताई घरोघर फिरून गरोदर मातांच्या नोंदी मोबाइलवर भरते. तिला माहितीचा अर्थ लावायला कोण शिकवतो? ती केवळ भारवाहक.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हे अभ्यासक्रम मराठीत, विनाशुल्क काढावेत. आशा आणि परिचारिकांना ते कामाच्या वेळेत, पूर्ण मोबदल्यासह शिकू द्यावेत. ही मागणी आता जिल्हा परिषदांच्या दारात नेली पाहिजे.