दोन शाखांच्या मधली इमारत

एप्रिल महिन्यातील दुपार आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वरच्या मजल्यावरील वर्गात साठ विद्यार्थी बसले आहेत, डोक्यावर तापलेला स्लॅब आहे आणि अध्यापक फळ्यावर कार्नोच्या चक्राची आकृती काढीत आहेत. मुले ती वहीत उतरवून घेत आहेत. हे दृश्य कोणत्याही महाविद्यालयात पाहावयास मिळेल. मात्र त्या वर्गात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही : या खोलीत या घटकेला किती उष्णता निर्माण होत आहे आणि ती जाते कोठे?

उत्तर अवघड नाही. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. साठ जणांची ती ६ किलोवॅट झाली. वातानुकूलन यंत्र विकणारा दुकानदार ज्याला ‘टन’ म्हणतो तो साधारण साडेतीन किलोवॅटचा; म्हणजे स्लॅबमधून उतरणारी उष्णता क्षणभर बाजूला ठेवली तरी केवळ विद्यार्थ्यांच्या देहांची उष्णता बाहेर काढण्यास पावणेदोन टनांचे यंत्र लागेल. आणि वर गरगरणारा पंखा? तो हवा थंड करीतच नाही. उलट स्वतः खाल्लेल्या पन्नास-पाऊणशे वॅटांची भर खोलीत घालतो. गारवा वाटतो तो अंगावरचा घाम उडून जातो म्हणून. ऊष्मागतिकीचा पहिला नियम ज्याला शब्दशः पाठ आहे अशा विद्यार्थ्यास या पंख्याविषयी विचारून पाहावे. प्रस्तुत लेखकाने विचारून पाहिले आहे. ‘पंख्याने खोली थंड होते’ असेच उत्तर बहुतेकांनी दिले.

यात विद्यार्थ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. आपल्या पदवी अभ्यासक्रमांची वाटणीच अशी झाली आहे की, याहून वेगळे काही घडणे कठीण. ऊष्मागतिकी यंत्र शाखेच्या वाट्याला गेली आणि तेथे ती बॉयलर, टर्बाइन व इंजिन यांच्या संगतीत वाढली. द्रायुयामिकी दोघांकडेही आहे. (द्रव आणि वायू यांना मिळून ‘द्रायू’ हा शब्द ज्याने घडविला त्याला मनोमन नमस्कार करावा, इंग्रजी शब्दाहून तो अधिक बोलका आहे.) पण स्थापत्य शाखा तिला धरणाकडे आणि कालव्याकडे नेते, यंत्र शाखा पंपाकडे. राहिल्या इमारतीतील सेवा : पाणीपुरवठा, सांडपाणी, वायुवीजन, वातानुकूलन, लिफ्ट, अग्निशमन. त्यांना बहुधा एखाद्या विषयाचे शेवटचे प्रकरण किंवा ऐच्छिक विषयाची जागा मिळते. परिणामी ज्याला उष्णता कळते त्याला इमारत शिकविलेली नसते, आणि ज्याला इमारत कळते त्याला उष्णता शिकविलेली नसते. दोन भावांच्या घरांमधला सामाईक बोळ जसा कोणीच झाडीत नाही, तसेच हे झाले.

हा बोळ न झाडण्याची किंमत आपण रोज भरतो. चाळीस बिऱ्हाडांची एक सोसायटी घ्या. घरटी पाच माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले, तर रोज २७,००० लिटर पाणी गच्चीवरील टाकीत चढवावे लागते. टाकी ३० मीटर उंचावर असेल, तर गणिताने सव्वादोन युनिट वीज पुरते. पंप आणि मोटर मिळून निम्मी शक्ती वाया घालवितात असे धरले, तरी साडेचार युनिट. प्रत्यक्षात मीटर दहा-बारा युनिट दाखवीत असेल, तर वरचे युनिट अरुंद नळात, नको तेथे घेतलेल्या वळणांत, अंदाजाने घेतलेल्या पंपात किंवा भरून वाहणाऱ्या टाकीत गेले. हे गणित अभियांत्रिकीचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पाच मिनिटांत करू शकतो. पण तो राहतो त्याच इमारतीचे गणित करण्यास त्याला कोणी सांगितलेले नसते. ते काम प्लंबरच्या अनुभवावर सोपविलेले असते. प्लंबरचा अनुभव मोलाचा आहे यात शंका नाही, परंतु तो तीन-चार मजल्यांच्या घरांवर घडलेला. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. तीस मजली इमारतीत तळमजल्याच्या नळावर नऊ वातावरणांचा दाब येऊ द्यायचा नसेल, तर मजल्यांचे टप्पे पाडून मध्ये दाब उतरवावा लागतो. तेथे नुसता अंदाज चालत नाही.

आपल्या पूर्वजांकडे सूत्रे नव्हती, पण नजर होती. बर्नूलीचा द्रायूंवरील ग्रंथ १७३८ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुणे शहरात पाणी आणले. पंप नाही, वीज नाही. केवळ उताराच्या बळावर ते पाणी शहरातील हौदांपर्यंत पोहोचले. बर्नूलीचे नाव त्या कारागिरांच्या कानी गेले असण्याचा संभव नाही. आज नाव सर्वांच्या कानी आहे.

पाणी वाया गेले तर बिल वाढते. धूर चुकीच्या वाटेने गेला तर माणसे मरतात. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि १० बालके दगावली. त्यांतली काही धुराने गुदमरली. जबाबदार कोण, याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण इमारतीत धूर कसा वाहतो, याची चर्चा प्रस्तुत लेखकाच्या वाचनात फारशी आली नाही. तापलेला वायू हलका होऊन वर चढतो, आणि उंच इमारतीत जिन्याची किंवा लिफ्टची पोकळी त्याचे धुराडे बनते. जिन्यात धूर शिरू नये म्हणून पंख्यांनी तेथील हवेचा दाब किंचित वाढवितात. तो ५० पास्कलने वाढविला, तर दोन चौरस मीटरच्या दारावर सुमारे दहा किलो वजनाइतका रेटा येतो. दाब याहून फार वाढविला, तर धूर अडेल, पण म्हाताऱ्या माणसाला जिन्याचे दार उघडणार नाही. ऊष्मागतिकी, द्रायुयामिकी आणि इमारत अशी एकाच दारापाशी येऊन उभी राहतात.

नियम नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० पासून आहे, २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली, आणि आग, इमारतीतील सेवा, नळकाम यांना तीत स्वतंत्र भाग आहेत. उणीव आहे ती संहिता समजून वापरणाऱ्या माणसांची. ब्रिटनमध्ये तापन आणि वायुवीजन अभियंत्यांची संस्था १८९७ मध्येच निघाली. १९७८ मध्ये प्रकाशयोजनेच्या अभियंत्यांची संस्था तिला येऊन मिळाली, आणि तेथे इमारत-सेवांची स्वतंत्र पदवीही घेता येते. त्यांचा प्रश्न थंडीचा, आपला उकाड्याचा आणि घामाचा. तेव्हा नक्कल करून भागणार नाही.

अभ्यासक्रम आधीच फुगला आहे, त्यात आणखी एक विषय कोठे कोंबायचा, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण येथे नवा विषय मागितलेलाच नाही. स्थापत्याच्या विद्यार्थ्यास उष्णतावहनाचे एक सत्र द्यावे, यंत्र शाखेच्या विद्यार्थ्यास इमारतीचा नकाशा वाचावयास शिकवावे, आणि तिसऱ्या वर्षी दोघांना एकत्र बसवून आपल्याच वसतिगृहाचा हिशेब मांडावयास लावावे : पाणी किती चढते, वीज किती जाते, वरच्या मजल्यावरील खोल्या का तापतात, आग लागली तर धूर कोणत्या वाटेने जाईल. त्यासाठी नवी प्रयोगशाळा नको. गच्ची, पंपाची खोली, एक तापमापी आणि गेल्या बारा महिन्यांची विजेची बिले एवढे पुरे. हिशेबाची एक प्रत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवावी, आणि वसतिगृहाचा पंप बदलावयाचा असेल तेव्हा ती ठेकेदारापुढे ठेवावी.