नॅनो पावडर आणि आमची वालधुनी

परवा व्हॉट्सॅपवर एक फॉरवर्ड आलं: ‘नॅनो पावडर टाका, वालधुनी स्वच्छ!’ खाली बारा अंगठे. मी कॅम्प चारचा, रोज विठ्ठलवाडीहून गाडी पकडणारा. वालधुनीचा वास चांगला ओळखीचा आहे. टाळकंच सटकलं.

आधी पावडरीला न्याय देऊ, कारण ती थाप नाही. १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी एमसीएम-४१ नावाची सिलिका जगापुढे मांडली. सिलिका म्हणजे वाळूतलंच द्रव्य, पण हिला मधाच्या पोळ्यासारखी काही नॅनोमीटरची भोकं. एका ग्रॅमला साधारण हजार चौरस मीटर पृष्ठभाग, म्हणजे चमचाभर पावडरीत आमच्याकडचे पंचवीसेक वन बीएचके! १९९७ मध्ये अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने अशाच सिलिकेच्या भोकांत गंधक असलेले सेंद्रिय रेणू चिकटवले. गंधक पाऱ्याला घट्ट धरतं. अमाइन चिकटवलं तर काही रंगही पकडता येतात. घर सिलिकाचं, हात सेंद्रिय. डिझाइन झकासच आहे.

पण मंडळी, पकडणं म्हणजे नाहीसं करणं नव्हे! हात भरले की पावडर संपली. ॲसिडने धुतली तर तेच विष पुन्हा पाण्यात, आता आणखी दाट. नाही धुतली तर घातक कचरा म्हणून तळोज्याला पाठवा. त्यात नदीतला गाळ, साबण आणि सांडपाणी आधीच भोकं बुजवणार. आणि वाहत्या पाण्यात टाकलेली पावडर परत गोळा कोण करणार? फॉरवर्ड करणारा?

हिची जागा नदीत नाही, कारखान्याच्या पाइपाच्या तोंडाशी आहे. तिथे काय येतंय ते माहीत असतं, आणि बिल ज्याची घाण त्याच्या नावावर फाडता येतं. आपण इनपुट तपासतो ते फॉर्मवरच ना? की डेटाबेस सडल्यावर त्यावर स्क्रिप्ट चालवतो?

‘अरे, निदान काहीतरी होतंय ना’, असं कुणीतरी म्हणेलच. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस टँकरमधून वालधुनीत केमिकल ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो लोक आजारी पडले. त्या रात्री कुठली पावडर आडवी येणार होती? तिथे पहारा हवा होता, टँकरचा हिशेब हवा होता.

अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, याच नदीच्या काठी. जवळजवळ हजार वर्षं नदीला पावडर लागली नाही. तेव्हा पुढचा अंगठा दाबण्याआधी एकच विचारा: पाइप कुणाचा?