गव्हाला दोषी ठरवण्याआधी एक रक्ततपासणी करा

"डॉक्टर, आम्ही गहू पूर्ण बंद केलाय. हल्लीच्या गव्हाचे जीन्स बदललेले असतात ना!"

हे वाक्य दवाखान्यात वरचेवर कानावर पडतं. सोबत मोबाईलवरचा मेसेज असतो: हरितक्रांतीत शास्त्रज्ञांनी गव्हात फेरफार केले, ग्लुटेन वाढवलं, म्हणून मधुमेह, थायरॉईड, सांधेदुखी वाढली, उपाय एकच, खपली खा. या मेसेजमुळे काही पेशंटचं खरंखुरं नुकसान होतं, म्हणून आज स्पष्ट बोलतो.

गव्हात नेमकं काय बदललं?

पूर्वीचा गहू उंच वाढायचा. खतपाणी भरपूर दिलं की ओंबी जड व्हायची आणि पीक लोळायचं. जपानच्या 'नोरिन 10' या बुटक्या वाणाचे जनुक अमेरिकेमार्गे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पोचले. तिथे तयार झालेल्या बुटक्या गव्हाचं सुमारे 18 हजार टन बियाणं भारताने 1966 मध्ये आणलं. हे जनुक रोपाचा वाढीच्या संप्रेरकाला मिळणारा प्रतिसाद कमी करतात, त्यामुळे काड आखूड राहतं. ते चौथ्या गटातल्या गुणसूत्रांवर असतात. ग्लुटेनचे जनुक मुख्यतः पहिल्या आणि सहाव्या गटातल्या गुणसूत्रांवर असतात. काड आखूड केलं म्हणजे ग्लुटेन वाढवलं, असं होत नाही.

हे काम झालं ते एका वाणाचे पराग दुसऱ्यावर टाकून, म्हणजे संकर करून. 'शरबती सोनोरा'सारख्या वाणासाठी गॅमा किरणही वापरले, कारण मेक्सिकन गव्हाचा लालसर दाणा आपल्याला आवडत नव्हता. पण ज्याला 'जीएम' म्हणतात, तसा गहू भारतात पिकवायला परवानगीच नाही. त्याला पहिली मंजुरी दिली अर्जेंटिनाने, 2020 मध्ये.

आणि तुमचा लाडका लोकवन? तो गुजरातमधल्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत तयार झालेला 'लोक-1'. त्याच्या आईवडिलांच्या वंशात हाच मेक्सिकन गहू आहे. 'गावरान' म्हणून कौतुकाने भरलेलं पोतं आणि 'बिघडवलेला गहू' हे एकाच घराण्यातले आहेत.

ग्लुटेन वाढलं का?

जर्मनीत 1891 ते 2010 या काळातले 60 वाण शेजारी शेजारी पेरून तपासले गेले. एकूण ग्लुटेन जवळपास तेवढंच निघालं. ग्लायडिन, म्हणजे ग्लुटेनचा जो भाग सर्वांत जास्त त्रासदायक मानला जातो, तो नव्या वाणांत थोडा कमीच होता.

मग खपली?

खपली उत्तम धान्य आहे. चव छान, लापशी आणि खीर तर विचारूच नका. तिचा प्राचीन गुणही खरा: पोळीचा गहूच मुळी हजारो वर्षांपूर्वी खपलीच्या कुळातला गहू आणि एक रानगवत यांच्या नैसर्गिक संकरातून झाला. तांबेऱ्याला तोंड देणारे काही जनुकही संशोधकांनी खपलीतून घेतले आहेत. पण खपली हा गहूच आहे आणि तिच्यात ग्लुटेन असतं. ज्या संशोधनावर राग आहे, तेच खपलीवरही झालेलं आहे: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस 2971' हा खपलीचा बुटका वाण दिलेला आहे.

आता नुकसान कुठे होतं ते पाहा. सिलिअ‍ॅक हा आजार साधारण शंभरात एकाला असतो. उत्तर भारतात जास्त, दक्षिणेत कमी. त्यात ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते. जुलाब, पोटफुगी, मुलांची खुंटलेली उंची, गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन ही त्याची लक्षणं. असा पेशंट "मी साधा गहू सोडला, खपली खातोय" म्हणत वर्षभर खपली खातो, आणि आतडं तसंच सोलवटत राहतं.

दुसरा प्रकार उलटा. पेशंट सगळंच ग्लुटेन बंद करून मग तपासणीला येतो. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि नंतरची बायॉप्सी, दोन्ही ग्लुटेन खाण्यात चालू असेल तरच भरवशाच्या. आधीच बंद केलं तर रिपोर्ट खोटा 'नॉर्मल' येऊ शकतो आणि निदान राहून जातं.

"पण गहू सोडल्यावर मला बरं वाटलं!" वाटलं असेल. गव्हात फ्रुक्टन नावाची शर्करा असते, तीच कांदा-लसणातही असते. काहींच्या पोटात गॅस धरतो तो तिच्यामुळे. शिवाय गहू सोडताना तुम्ही बिस्किटं, खारी, पाव, पिझ्झा हेही सोडलेलं असतं. श्रेय कुणाचं?

एक तक्रार मात्र रास्त आहे

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला 1843 पासून गव्हाचा एक प्रयोग सुरू आहे. तिथल्या जपून ठेवलेल्या दाण्यांत दिसतं, की बुटके वाण आल्यानंतर जस्त, लोह, मॅग्नेशियम यांचं प्रमाण घटलं. उत्पादनाच्या मागे लागताना पोषण मागे पडलं, हे मान्य केलंच पाहिजे. पण ही चूक दुरुस्त करायला अधिक संशोधनच लागतं. आघारकर संस्थेचा 'एमएसीएस 4028' हा जास्त प्रथिनं, लोह आणि जस्त असलेला गहू त्याच वाटेवरचा. अशा बियाण्याची मागणी करा, मी तुमच्यासोबत आहे.

आणि मागणी करताना घरातली चाळणीही बघा. लोह-जस्ताचा मोठा वाटा कोंड्यात आणि त्याच्या लगतच्या थरात असतो. तो चाळून टाकायचा, मैद्याचा पाव आणायचा, आणि शिव्या बोरलॉगला द्यायच्या, हे बरं नव्हे.

म्हणून एवढंच करा:

- पोटाचा त्रास किंवा न सुधारणारा अ‍ॅनिमिया असेल तर गहू बंद करण्याआधी तपासणी करा.
- सिलिअ‍ॅक निघाला तर गहू, खपली, रवा, मैदा, जव सगळं आयुष्यभर बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ खुशाल खा. पीठ मात्र गहू दळलेल्या गिरणीतून आणू नका.
- मधुमेह असेल तर पोळी कोणत्या गव्हाची यापेक्षा किती पोळ्या, हे आधी मोजा.
- त्रास नसेल तर न चाळलेल्या पिठाची पोळी निर्धास्त खा. ज्वारी-बाजरीची भाकरीही आलटून पालटून असू द्या.

खपली आवडते म्हणून जरूर घ्या. भीतीपोटी दुप्पट पैसे मोजू नका, आणि औषध समजून तर मुळीच खाऊ नका.