वांझपणाचा शिक्का आणि पतीची साखर

नंदुरबार तालुक्यातील रनाळे यांसारख्या एखाद्या गावात लग्नाला तीन-चार वर्षे लोटली आणि पाळणा हलला नाही, की बोट प्रथम सुनेकडे वळते. नवस तिने बोलायचे, उपास तिने धरायचे, धुळ्या-सुरतेच्या दवाखान्यांच्या पायऱ्या तिनेच झिजवायच्या. आणि एवढे करूनही यश आले नाही, तर मुलाच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू होते. वैद्यकशास्त्र मात्र सांगते की, अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील दोषही कारणीभूत असतो. त्या दोषामागे मधुमेह व स्थूलता असू शकते, हे तर सुशिक्षितांच्याही गावी नसते.

नंदुरबार आणि मधुमेह? अनेकांच्या भुवया उंचावतील. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आपल्याला भेटतो तो कुपोषणाच्या बातम्यांतून. परंतु ही दोन टोके नव्हेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील सहा खेड्यांत चालवलेल्या अभ्यासातून दिसले की, आपली बाळे वजनाने हलकी जन्मतात, पण त्यांच्या देहात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. किरकोळ अंगकाठीत दडलेली ही चरबी पुढे पोटाभोवती साठते. म्हणूनच भारतीय पुरुषाच्या बाबतीत ९० सेंटीमीटरची कंबर ही धोक्याची रेषा मानली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींचा अंदाज १० कोटी १० लाख दिला; आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत.

पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे ती स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते, आणि मेंदूकडून वृषणांना जाणारा आदेश मंदावतो. रक्तातील साखर मज्जातंतू व सूक्ष्म रक्तवाहिन्या पोखरते. परिणामी ताठरता उणावते, क्वचित वीर्य बाहेर न पडता मूत्राशयाकडे वळते. शुक्रजंतूंतील जनुकीय द्रव्यालाही इजा पोहोचते. अतिस्थूल पुरुषाच्या आठ दोषांत चरकसंहितेने कामजीवनातील अडचण गणली आहेच. (प्राचीन ग्रंथांचा अभिमान मिरवणाऱ्यांनी तेवढे पान अवश्य उघडावे.)

शासनाच्या व्यवस्थेत येथे एक मोठी फट आहे. मधुमेहाची गावपातळीवरील तपासणी वयाच्या तिशीपासून सुरू होते. खेड्यातील तरुण मात्र तिशीच्या बराच आधी विवाह करतो, म्हणजे ज्या वयात त्याला अपत्याची ओढ असते, त्या वयात त्याची साखर कोणीच मोजत नाही. अपत्यासाठी जोडपे आरोग्य केंद्रात आले की पहिल्याच दिवशी पतीची कंबर, साखर व वीर्य तपासले जावे. वीर्यतपासणी ही स्त्रीच्या बहुतेक तपासण्यांपेक्षा सोपी आणि स्वस्त आहे. अडतो तो केवळ पुरुषी अहंकार.

हा अहंकार मग भिंतीवरच्या जाहिरातींच्या मागे धावतो. त्यातही पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने घातक, कारण बाहेरून आलेल्या संप्रेरकामुळे शरीर शुक्रजंतूंची निर्मितीच आवरती घेते. खरा उपाय रुक्ष आहे. डेन्मार्कमधील ५६ स्थूल पुरुषांवरील, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या मोजक्या आहाराने सरासरी १६.५ किलो वजन उतरले आणि शुक्रजंतूंची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. ज्यांनी वजन पुन्हा चढू दिले नाही, त्यांच्यात ही वाढ वर्षभर टिकली. शुक्रजंतू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा सुनेला पुढच्या नवसाला धाडण्यापूर्वी मुलाने तीन महिने वजन व साखर आटोक्यात ठेवून पुन्हा तपासणी करून घ्यावी.