भाकरीची लाज

मागील महिन्यांत आमच्या घरीं पुण्याहून एक स्नेही आले. वेळ सायंकाळची होती. घरांत ज्वारीचें पीठ होतें, कांदा होता, कोथिंबीर होती. पंधरा मिनिटांत गरमागरम धिरडीं झालीं असतीं. गृहिणीनें तसें सुचविलेंहि. परंतु आम्हीं, म्हणजे जवळजवळ तीस वर्षें विद्यार्थ्यांस विवेक शिकविणाऱ्या प्राध्यापकांनीं, तिला डोळ्यांनींच दटावलें आणि चिरंजीवांस चौकांत पिटाळलें. अडीचशें रुपये देऊन समोसे व फरसाणाचीं पाकिटें आलीं. पाहुण्यांनीं शिष्टाचारापुरता एक घास घेतला आणि हंसत म्हटलें, "वाशीमला येतांना वाटलें होतें, ज्वारीचें कांहीं खावयास मिळेल!" त्या एका वाक्यानें आमची जी फजिती झाली, तिच्यांतून हा लेख जन्मास आला आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांचा खाण्यावरील खर्च भुकेनें वाढलेला नाहीं, तो लाजेनें वाढलेला आहे. ज्या वऱ्हाडांत ज्वारी, तूर आणि हरभरा हींच माणसाचीं हाडें घडवीत आलीं, तेथेंच पाहुण्यापुढें भाकरी ठेवणें कमीपणाचें ठरावें, हें कसलें सुधारलेपण? झुणका, ठेचा, अंबाडीची भाजी, तुरीच्या सोल्यांची आमटी, हिंवाळ्यांतील हुरडा, उन्हाळ्यांतील आंबील, शिळ्या भाकरीचा फोडणी दिलेला कुस्करा, मधल्या वेळीं ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, गूळ-शेंगदाणे. ही यादी वाचून ज्याच्या तोंडास पाणी सुटत नाहीं, तो वऱ्हाडचा नव्हे. आणि यांतील एकाहि पदार्थास श्रीमंत असावें लागत नाहीं.

कोणी म्हणेल, हें सारें जिभेचें झालें, सत्त्वाचें काय? त्याचाहि हिशेब मांडूं. चौघांच्या जेवणास अर्धा किलो ज्वारीचें पीठ आणि दीडशें ग्रॅम बेसन घ्यावें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम व तितक्याच हरभऱ्याच्या डाळींत सुमारें २१ ग्रॅम प्रथिनें असतात. म्हणजे माणशीं २० ग्रॅम प्रथिनें एका साध्या झुणका-भाकरींत मिळालीं. शिवाय ज्वारींत ज्या लायसीनची उणीव असते, तें डाळींत भरपूर असतें. आणि डाळींत जें कमी, तें धान्य पुरवितें. ही जोडी आपल्या आज्यांनीं प्रयोगशाळेवांचून जुळविली होती. आपण मात्र मैदा, साखर आणि तेल यांचें पाकीट मुलाच्या डब्यांत घालतों आणि पुढें त्याच्यासाठीं प्रथिनांची भुकटी विकत आणतों!

दुसरा आक्षेप असा कीं, ज्वारी आतां स्वस्त कोठें राहिली? हा आक्षेप खरा आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें तांदूळ ३, गहूं २ व भरडधान्य १ रुपया किलो असा दर लिहिला आणि २०२३ पासून तें धान्य मोफत झालें. पण दुकानांतील पोत्यांत बहुतकरून गहूं-तांदूळच. शेतांत पाहावें तर ज्वारीची जागा सोयाबीननें घेतलेली. मग ज्वारी महाग होणार नाहीं तर काय? तथापि हा आक्षेप आमच्या वर्गाच्या तोंडीं शोभत नाहीं. २०२३ हें संयुक्त राष्ट्रांचें भरडधान्य वर्ष साजरें झालें, आणि तीच ज्वारी 'मिलेट' हें नांव धारण करून चकचकीत वेष्टनांत आली, तेव्हां आपण ती अनेकपट दामानें मिरवीत घरीं आणली. भाकरी म्हटली कीं दारिद्र्य, आणि मिलेट म्हटलें कीं आरोग्य! परकी टोपी घातल्यावांचून आपणांस घरचा माणूसहि ओळखतां येऊं नये काय?

या लाजेचें एक मूळ आमच्या मतें असें आहे कीं, साधें अन्न म्हणजे अनुदानाचें अन्न, अशी समजूत रुजली. १९९५ सालीं राज्य सरकारनें एक रुपयांत झुणका-भाकर देऊं केली. ती योजना पुढें बंद पडली. २०२० सालीं दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. दोन्ही कल्पना चांगल्याच होत्या. परंतु जें गरिबास दिलें तें आपल्या ताटांत नको, हा न्याय कोठला? भुकेला जात नसते, तशी भाकरीलाहि पायरी नसते.

आतां तिसरा आक्षेप, आणि येथें आम्हांस आमच्याच पक्षाविरुद्ध बोलणें प्राप्त आहे. स्त्रिया विचारतात, "हें सारें करावयाचें कोणीं?" साध्या जेवणाची थोरवी गाणारे पुरुष बहुधा ताटावर बसून ती गातात. घरचें अन्न स्वस्त पडतें, कारण चुलीपुढील दोन तास आपण खर्चांत धरीतच नाहीं. जी स्त्री दिवसभर शाळेंत किंवा कचेरींत राबून येते, तिला भाकरीचें माहात्म्य ऐकविणें हा शुद्ध ढोंगीपणा होय. तिनें थकून पाकीट फोडलें तर दोष तिचा नव्हे. पीठ मळावयास न उठणाऱ्या हातांचा आहे.

म्हणून उपदेश करण्यापूर्वीं आम्हीं पिठलें शिकावयास घेतलें. पहिल्या दिवशीं गांठी झाल्या. बेसन आधीं गार पाण्यांत कालवावें, इतकेंहि ज्ञान आमच्या पदवींत नव्हतें. चौथ्या दिवशीं घरच्यांनीं मागून घेतलें. भाकरी अजून थापतांना फाटते, पण फाटलेलीहि भाजते आणि पोटांत जाते. मुलें खात नाहींत ही तक्रारहि तेव्हांपासून थांबली. बाप जें आवडीनें खातो आणि स्वतः रांधतो, त्याची मुलास लाज वाटत नाहीं.

ज्या वाचकांस हें पटत नसेल, त्यांनीं एकच करावें. महिनाभर बाहेरून आलेल्या पाकिटांचीं वेष्टनें एका पिशवींत सांठवावीं आणि महिनाअखेर त्यांवरील किंमतींची बेरीज करावी. आमच्या घरची बेरीज आम्ही येथें छापीत नाहीं. तेवढी लाज मात्र आम्हांस अजून वाटते.