खेळबंदीची शिक्षा : हा कोणता न्याय?

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील शाळांची चर्चा पटसंख्येवर सुरू होते आणि पटसंख्येवरच संपते. पटावर नाव असूनही ज्यांना कोणी मोजत नाही, अशा मुलांबद्दल आज आम्हाला बोलायचे आहे. एका जागी न बसणारे, चटकन मारामारीवर येणारे, सांगितलेले दुसऱ्या क्षणी विसरणारे मूल बहुतेक गावांत असते. गाव त्याला ‘वांड’ म्हणते, शाळा ‘वाया गेलेला’ म्हणते. ते मूल आपल्या वस्तीतले असेल तर ‘यांच्यात संस्कारच नाहीत’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. पैसेवाल्याच्या मुलासाठी पुण्यात डॉक्टर शोधला जातो. लक्षणे तीच, पण एकाला निदान मिळते आणि दुसऱ्याला जात चिकटवली जाते.

प्रत्येक खोडकर मूल आजारी नसते. ते तज्ज्ञानेच ठरवावे. परंतु अतिचंचलता आणि अवधानाचा अभाव, ज्याला डॉक्टर ‘एडीएचडी’ म्हणतात, तो जगभरात शंभरांतल्या सुमारे पाच मुलांत आढळतो. तो आईबापांच्या वळणाचा दोष नव्हे, मेंदूच्या वाढीतला फरक आहे. मुलींमध्ये तो बऱ्याचदा गप्प असतो, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, आणि अशा विकारांच्या मुलांच्या आकलनालाही त्याचा फायदा होतो.

मग आपल्याकडे घडते काय? वर्गात चुळबुळ केली की पहिली शिक्षा ठरलेली : ‘आज खेळायला जायचे नाही!’ तहानलेल्याचे पाणी तोडण्यातलाच हा प्रकार. संध्याकाळी कबड्डीचा संघ निवडतानाही पाळी न सांभाळणारा पोरगा आधी वगळला जातो, कारण संघाला तालुक्याला जिंकायचे असते. पुण्याच्या मैदानावर पाळवणकर बाळूंची गोलंदाजी सवर्णांना हवी होती, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. बाळूंना निदान मैदान तरी मिळाले. या मुलांना तेही नाकारले जाते.

कायदा मात्र स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १६ शाळांना सांगते की, दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबरच खेळ व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्या. येथे चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्राची अट नाही. अनुसूचीत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता नावानिशी आहेत, एडीएचडी नाही. पण कायद्याची व्याख्या दीर्घकालीन मानसिक वा बौद्धिक दोषामुळे अडथळे येणाऱ्या प्रत्येकाला कवेत घेते. शिक्षण हक्क कायद्याचे (२००९) कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. मुलाला रोज मैदानाबाहेर उभे करणे हा छळ नाही तर काय?

त्याच कायद्यात एक फट आहे. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तरच शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो. तोरणा-राजगडाच्या डोंगरवाड्यांतील शाळांत शंभर मुले आणायची कोठून? सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचा विचार पुढे केला आणि आदर्श म्हणून पानशेतचे उदाहरण दिले. मोठ्या शाळेत मैदान असेल, शिक्षकही असतील. परंतु गाडी शाळा सुटताच निघणार असेल, तर लांबच्या वाडीच्या मुलाला शाळेनंतरचा खेळ मिळणार कसा? मैदान दिले आणि वेळ काढून घेतली, असेच ते होईल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. तपासायच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. पण पथक येते एका दिवसासाठी. मुलाला वर्षभर पाहतो तो शिक्षक. त्याने सांगितले नाही तर पथकाला दिसणार काय? आणि दिसले तरी औंधचे जिल्हा रुग्णालय पन्नास किलोमीटरहून दूर. एका फेरीत मजुराची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तज्ज्ञाने ठरावीक दिवशी भोर आणि वेल्ह्यात यावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. त्या जागांवर नुसत्या सह्या करायला बसू नका. तीन ठराव मांडा : खेळबंदी ही शिक्षा बंद, गाडीची एक फेरी खेळानंतर, आणि शिक्षकांच्या नोंदी तपासणी पथकाच्या हाती. ठराव इतिवृत्तात आलाच पाहिजे, कारण लेखी नसलेले शासनाला ऐकू येत नाही.

आपल्या विहारांची अंगणेही संध्याकाळी मोकळी असतात. तेथे तासभर खेळ घ्या. गट लहान, नियम मोजके, पाळी लवकर येईल असे खेळ. अस्वस्थ मुलाच्या हाती शिट्टी किंवा गुण मांडण्याचे काम. त्याला पैसा लागत नाही, माणूस लागतो. वर्गाबाहेर बसवणे म्हणजे काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. तेच दुःख आपल्याच अंगणात आपण एखाद्या लेकराच्या वाट्याला येऊ देणार आहोत काय?